मेल सर्व्हर अडकला तर आधी पुसू नका, थांबवा: कमांड लाइनवरून कंपनीचा मेल कसा सांभाळतात

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी येडशीला घरी होतो. दुपारी पावणेदोनला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "अरे, सकाळपासून बाहेर एकही मेल जाईना. पाचच्या आत एका ग्राहकाला टेंडरचं कोटेशन पोचायला हवंय. माझ्याकडे 'सेंट' दिसतंय, पण त्यांना मिळालेलंच नाही."

कंपनी पुण्यातली, साधारण दोनशे माणसांची. मेल सर्व्हर स्वतःचा. तो सांभाळणारे आम्ही दोघं, आणि त्यातला दुसरा त्या वेळी गावाला जाणाऱ्या गाडीत होता. माझ्याकडे लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट. घरात रेंज दोन काड्या, गच्चीवर तीन. सर्व्हरचं वेब पॅनेल उघडून पाहिलं तर नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी टर्मिनल उघडलं, सर्व्हरला जोडलो आणि पुढचं सगळं काम तिथूनच केलं. करंज्या करता करता आई वर येऊन म्हणाली, "सणासुदीचं ते काळं काय उघडून बसलास रे?"

आजचा लेख त्या काळ्या स्क्रीनबद्दल आहे. कंपनीचा मेल अडकतो तेव्हा तिथे काय पाहायचं, कोणत्या क्रमाने आणि काय अजिबात करायचं नाही, हे त्या दुपारच्या निमित्ताने समजून घेऊ.

एक सूचना. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. बहुतेक कमांड सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवाव्या लागतात.

मेल सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे

बाहेरून एकच वाटत असलं तरी आत वेगवेगळे प्रोग्रॅम काम वाटून घेतात. आमच्याकडे लिनक्सवर दोन मुख्य आहेत. पोस्टफिक्स हा पत्र घेतो आणि पुढे पोचवतो, म्हणजे पोस्टमनचं काम. डव्हकॉट हा आलेली पत्रं सांभाळतो आणि तुमच्या फोनला किंवा आउटलुकला दाखवतो, म्हणजे पत्रपेटीचं काम. पोस्टफिक्स व्हित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिला आणि १९९८ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. आजही जगातले असंख्य मेल सर्व्हर त्यावर चालतात.

दोन सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या भाषेत बोलतात. तिचे नियम १९८२ मध्ये ठरले आणि ती साध्या मजकुराची भाषा आहे. एक म्हणतो "हॅलो, मी अमुक", मग "पत्र यांच्याकडून", "पत्र यांच्यासाठी". समोरचा दर वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. म्हणजे मेल सर्व्हरचं मूळ बोलणंच कमांडसारखं आहे. रंगीत पॅनेल नंतर वरून बसवलेली आहेत.

काळी स्क्रीन का?

बऱ्याच जणांना वाटतं की टर्मिनल हा जुन्या लोकांचा हट्ट आहे. तसं नाही. माहिती जिथे आहे तिथेच प्रश्न विचारायचा आणि फक्त उत्तर आपल्याकडे आणायचं, हा त्यातला फायदा आहे.

आमच्या सर्व्हरवर त्या दिवशी नऊ हजारांच्या वर पत्रं अडकलेली होती. वेब पॅनेल ती यादी, बटणं, चित्रं असं सगळं माझ्या हॉटस्पॉटवरून ओढायला बघत होतं. टर्मिनलमध्ये मी विचारलं, "किती पत्रं आहेत?" मोजणी पुण्यातल्या मशीनने केली आणि येडशीला एक ओळ आली. दोन काड्यांच्या रेंजमध्ये एक ओळ सहज येते.

जोडणीसाठी एसएसएच वापरतात. त्यात दोन मशीनमधलं बोलणं कुलूपबंद असतं. दोन सवयी आधीच लावून घ्या. पहिली, पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरा आणि सर्व्हरवर पासवर्डने एसएसएच लॉगिन बंद करून टाका. दुसरी, आत गेल्या गेल्या टीमक्स सुरू करा. रेंज गेली तर एसएसएच तुटतं आणि चालू असलेलं काम अर्ध्यात मरू शकतं. टीमक्समध्ये काम सर्व्हरवर चालूच राहतं. पुन्हा जोडून "टीमक्स अटॅच" म्हटलं की स्क्रीन जिथे सोडली तिथेच मिळते. त्या दुपारी माझं कनेक्शन तीनदा तुटलं आणि तिन्ही वेळा काम वाचलं ते यामुळेच.

पहिला प्रश्न: रांगेत काय आहे?

पत्र पुढे गेलं नाही तर पोस्टफिक्स ते फेकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. रांग बघायची कमांड अशी:

पोस्टक्यू -पी

पण हजारो पत्रं असताना ही कमांड नुसती मारू नका. सगळी यादी स्क्रीनवर धावत सुटेल. फक्त शेवटची ओळ मागा:

पोस्टक्यू -पी | टेल -एन १

मधली उभी रेघ म्हणजे पाइप. डावीकडच्या कमांडचं उत्तर उजवीकडच्या कमांडला द्यायचं, एवढाच तिचा अर्थ. टेलने फक्त शेवटची ओळ ठेवली आणि त्यात एकूण पत्रांची संख्या मिळाली. दोनशे माणसांच्या कंपनीत नऊ हजार पत्रं रांगेत म्हणजे दुखणं साधं नाही, हे तिथेच कळलं.

मग यादीची सुरुवातीची थोडी पत्रं पाहिली. त्यासाठी टेलच्या जागी "हेड -एन ३०". प्रत्येक पत्राला एक क्रमांक असतो, पुढे आकार, वेळ, पाठवणारा, आणि खाली कंसात ते का अडकलं याचं कारण. हा कंस सगळ्यात महत्त्वाचा. नवीन मुलं तोच वाचत नाहीत.

कारणात तीन आकडी कोड असतो. पहिला आकडा वाचला तरी निम्मं काम होतं:

• २ ने सुरू: पत्र स्वीकारलं. आता जबाबदारी समोरच्याची.
• ४ ने सुरू: आत्ता नको, नंतर या. पत्र रांगेत राहतं.
• ५ ने सुरू: घेणार नाही. पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं.

आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ४ ने सुरू होणारे कोड होते आणि सोबत वाक्य होतं की तुमच्या सर्व्हरकडून नेहमीपेक्षा फार जास्त मेल येत आहेत. म्हणजे रस्ता बंद नव्हता. समोरच्यांनी आम्हाला गेटवर थांबवलं होतं.

पोस्टफिक्सचे मूळ आकडे लक्षात ठेवा. अडकलेल्या पत्राचा पहिला पुन्हा प्रयत्न साधारण ३०० सेकंदांनी होतो, मग अंतर वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं, आणि ५ दिवसांत पत्र गेलं नाही तर ते परत पाठवलं जातं. ५ दिवस म्हणजे भरपूर वेळ आहे. घाबरून काही करायची गरज नसते. पण टेंडरला ५ दिवस नव्हते.

माझी जुनी चूक

इथे एक कबुली द्यायला हवी. पहिल्या नोकरीत, दुसऱ्या कंपनीत, मी असाच प्रसंग "निस्तरला" होता. रांगेत हजारो स्पॅम पत्रं दिसली. इंटरनेटवर कमांड शोधली आणि चालवली:

पोस्टसुपर -डी ऑल

रांग एका सेकंदात रिकामी झाली. सगळ्यांनी "शाब्बास" म्हटलं. चार दिवसांनी एचआरकडून कळलं की त्या सकाळी त्यांनी काही मुलांना ऑफर लेटर पाठवली होती. तीही त्याच रांगेत होती. "सेंट"मध्ये दिसत असल्यामुळे एचआर निवांत होतं, आणि उत्तर द्यायची मुदत उलटून गेलेली. एका मुलाने वाट बघून दुसरीकडे कमी पगारावर होकार दिला होता. या कमांडला "परत आण" असं काही नाही. पुसलं की पुसलं. पाठवणाऱ्याला परत आल्याचं पत्रही जात नाही, म्हणजे कुणाला काही कळतच नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. रांगेतलं प्रत्येक पत्र खरं आहे असं धरून चालायचं, आणि ते खोटं असल्याचा पुरावा लॉगमधून मिळाल्यावरच पुसायचं.

आधी ब्रेक लावा

चोर घरात असताना सांडलेलं आवरत बसायचं नसतं. म्हणून पहिलं पाऊल, बाहेर जाणारी वाहतूक थांबवणं:

पोस्टकॉन्फ -ई डिफर_ट्रान्सपोर्ट्स=एसएमटीपी
पोस्टफिक्स रीलोड

याने बाहेर जाणारी पत्रं रांगेत थांबतात, पण काहीही पुसलं जात नाही. बाहेरून येणारे मेल आणि ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये जाणारे मेल आमच्याकडे वेगळ्या वाटेने जातात, त्यामुळे ते चालू राहिले. तुमच्याकडची वाट आधी तपासून घ्या.

कुणाच्या नावाने चाललंय?

सर्व्हरवरून बाहेर मेल पाठवायला लॉगिन लागतं. स्पॅम पाठवणाऱ्याने कुणाचा तरी पासवर्ड मिळवला असेल, तर त्या लॉगिनची नोंद लॉगमध्ये असतेच. उबुंटूवर हा लॉग /वार/लॉग/मेल.लॉग या फाइलमध्ये असतो, रेडहॅटच्या घराण्यात मेललॉग या नावाने. त्यात "एसएएसएल_युजरनेम=" असा शब्द शोधायचा:

ग्रेप -ओ 'एसएएसएल_युजरनेम=.*' मेल.लॉग | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड -एन ५

लांब दिसते, पण तुकड्यांनी वाचा. ग्रेपने फक्त लॉगिनची नावं उचलली. सॉर्टने सारखी नावं शेजारी आणली. युनिकने प्रत्येक नाव किती वेळा आलं ते मोजलं. दुसऱ्या सॉर्टने मोठा आकडा वर आणला. हेडने पहिली पाच दाखवली. युनिकचं स्पेलिंग यू-एन-आय-क्यू एवढंच आहे, पुढे यूई नाही. तिथे बरेच जण अडतात.

उत्तर पाच ओळींत आलं. चार जणांच्या पुढे नेहमीचे दोन आकडी आकडे. पाचव्याच्या, म्हणजे स्टोअरमधल्या एका जुन्या खात्याच्या पुढे हजारो. त्या खात्याचा पासवर्ड गावाचं नाव आणि १२३ असा होता, हे नंतर कळलं. गाव कुणाचं ते सांगत नाही.

आता ते खातं बंद करायचं. क्रम असा:

१. पासवर्ड बदला. "डव्हॲडम पीडब्ल्यू" ही कमांड नव्या पासवर्डचं सांकेतिक रूप बनवून देते. ते खात्यांच्या यादीत टाकायचं.
२. "डव्हॲडम किक" आणि पुढे खात्याचं नाव. याने त्या खात्याने उघडून ठेवलेल्या पत्रपेट्या बंद होतात. नुसता पासवर्ड बदलला तर आधीच आत असलेला माणूस आतच राहू शकतो.
३. "डव्हॲडम सिव्ह लिस्ट -यू" आणि खात्याचं नाव. चोर बरेचदा जाताना एक नियम लावून जातात, की या खात्यावर येणारा प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर पाठव. तसं काही दिसलं तर नोंद घेऊन काढून टाका. ही पायरी विसरली तर पासवर्ड बदलूनही माहिती गळत राहते.

लूप लाइनवर घ्या

आता नऊ हजार पत्रांचं काय? इथे मला आमचं स्टेशन आठवतं. येडशी कुर्डुवाडी–लातूर मार्गावर आहे. एकेरी लाइनवर क्रॉसिंग असलं की एक गाडी लूपला घेतात, दुसरी पुढे सोडतात. लूपमधली गाडी कुणी मोडीत काढत नाही, नुसती बाजूला उभी राहते.

पोस्टफिक्समध्ये ही लूप लाइन आहे. तिला होल्ड म्हणतात:

पोस्टसुपर -एच क्रमांक

यातला एच लहान. मोठा एच लिहिला तर उलटं होतं, होल्डमधलं पत्र पुन्हा मुख्य लाइनवर येतं. होल्डमध्ये असताना पत्राचे ५ दिवस मोजून ते परत पाठवलं जात नाही, त्यामुळे घाई उरत नाही.

पण कोणती पत्रं होल्डला टाकायची? पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका. पत्रावरचं पाठवणाऱ्याचं नाव खोटं लिहिता येतं आणि आमच्याकडे तसंच झालं होतं. विश्वास ठेवायचा तो लॉगवर. ज्या ओळीत लॉगिनचं नाव असतं, त्याच ओळीत पत्राचा क्रमांक आणि पाठवणाऱ्या मशीनचा आयपी पत्ताही असतो. मी त्या खात्याच्या सगळ्या ओळी काढल्या आणि त्यातून ऑफिसचा आयपी असलेल्या ओळी वगळल्या, कारण त्या खात्यावरून सकाळी खऱ्या माणसानेही दोन-चार मेल पाठवले होते. उरलेल्या ओळींतले क्रमांक ऑक या कमांडने उचलून एका फाइलमध्ये ठेवले आणि ती फाइल पोस्टसुपरला दिली:

पोस्टसुपर -एच - < संशयित.टीएक्सटी

मधली एकटी आडवी रेघ म्हणजे "क्रमांक मी टाइप करत नाही, फाइलमधून वाच". जी पत्रं आधीच गेली होती, त्यांचे क्रमांक रांगेत सापडत नाहीत आणि सोडून दिले जातात.

दोन खबरदाऱ्या. लॉगमधली तारखेची मांडणी सर्व्हरप्रमाणे बदलते, त्यामुळे क्रमांक कुठे सहावा शब्द असतो तर कुठे चौथा. आधी फाइल उघडून पाहा, मगच पुढे जा. दुसरी, साध्या मांडणीत पोस्टफिक्स जुने क्रमांक पुन्हा वापरतो. म्हणून आठवड्यापूर्वीची यादी आज वापरू नका. "एनेबल_लाँग_क्यू_आयडीज" हा पर्याय चालू केला तर ही भीती जाते. आमच्याकडे तो चालू होता.

होल्डमधली काही पत्रं नमुन्याला तपासली. त्यासाठी "पोस्टकॅट -एचक्यू क्रमांक". हे फक्त पत्राचं डोकं दाखवतं, म्हणजे कुणाकडून, कुणाला, विषय काय. पोट वाचायची गरज नसते आणि वाचूही नये. ॲडमिनला सगळ्यांची पत्रं उघडता येतात, म्हणूनच त्याने ती उघडायची नसतात.

खरी पत्रं सोडणं

होल्डनंतर पुन्हा मोजलं. रांगेत साठच्या आसपास पत्रं उरली होती. नऊ हजारांच्या गर्दीत कंपनीचं खरं काम एवढंच होतं. बोनसची पत्रं, दोन पुरवठादारांचे पेमेंटचे तपशील, आणि मॅडमचं कोटेशन.

ब्रेक काढला, म्हणजे डिफर_ट्रान्सपोर्ट्स रिकामं केलं आणि रीलोड केलं. इथे मोह होतो "पोस्टक्यू -एफ" मारायचा, म्हणजे सगळी पत्रं एकदम पुन्हा पाठव. तो आवरा. समोरच्यांनी आपल्याला गर्दी केली म्हणूनच थांबवलंय. पुन्हा पुन्हा सगळं ढकललं तर ते आणखी वेळ थांबवतात. एकेक पत्र पाठवता येतं:

पोस्टक्यू -आय क्रमांक

मॅडमच्या पत्राचा क्रमांक टाकला. दुसरीकडे "टेल -एफ" लावून लॉग बघत बसलो. रेंज गेली. परत आली. टीमक्स उघडला तर ओळ आलेली होती: स्टेटस सेंट, आणि कंसात २५०. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. मॅडमना फोन केला. त्यांनी ग्राहकाला विचारून खात्री केली आणि मला म्हणाल्या, "जा आता, घरच्यांना वेळ दे."

इथे एक बारकावा. २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलं. ते इनबॉक्समध्ये गेलं की स्पॅममध्ये, हे त्यातून कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या पत्रासाठी फोन हा अजूनही मेल सर्व्हरचा शेवटचा भाग आहे.

होल्डमधला स्पॅम मी दुसऱ्या दिवशी सकाळी, सहकाऱ्याने यादी तपासल्यावर पुसला. "पोस्टसुपर -डी ऑल होल्ड", म्हणजे सगळं पूस, पण फक्त होल्डमधलं. शेवटचा शब्द विसरलात तर माझी जुनी चूक तुमच्या नावावर लागेल.

गेलेली पत

चोर गेला तरी बदनामी लगेच जात नाही. स्पॅमहाऊससारख्या संस्था वाईट आयपींच्या याद्या ठेवतात आणि जगभरचे सर्व्हर त्या बघतात. यादीतून नाव काढायचा अर्ज गळती बंद केल्यानंतरच करा. आधी केला आणि पुन्हा स्पॅम गेला तर दुसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही.

सोबत आपली ओळखपत्रं नीट आहेत का ते तपासा. डिग ही कमांड डीएनएसला प्रश्न विचारते:

डिग +शॉर्ट टीएक्सटी कंपनी.कॉम

यात एसपीएफची ओळ दिसली पाहिजे. आमच्या नावाने मेल पाठवायचा हक्क कोणत्या मशीनला आहे, हे ती सांगते. डीकिम ही पत्रावरची सही. डीमार्क म्हणजे ही दोन्ही जुळली नाहीत तर काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलला मेल पाठवणाऱ्या सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकिम, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही बंधनकारक केली. सर्व्हरच्या आयपीवरून उलट नाव सापडतं का, हेही "डिग +शॉर्ट -एक्स" ने बघून घ्या.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. आमच्याकडे तिन्ही बरोबर होती, तरी स्पॅम गेला. कारण तो खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या लॉगिनने, खऱ्या सहीसकट गेला. ओळखपत्र चोराच्या हातात असेल तर ते चोराचंही काम करतं. त्यावर उपाय म्हणजे चांगला पासवर्ड आणि तासाला एका खात्यावरून किती मेल जाऊ शकतात याची मर्यादा. आम्ही ती मर्यादा दिवाळीनंतर लावली. आधी लावली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कायद्याचे सहा तास

हा भाग छोट्या कंपन्यांत फार कमी लोकांना माहीत असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, यंत्रणेत अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवाव्या लागतात. लॉगही १८० दिवस ठेवावे लागतात.

आता तुमच्या सर्व्हरवर पाहा. लॉगरोटेट बऱ्याच ठिकाणी आठवड्याला एक याप्रमाणे चारच जुन्या फाइल ठेवतो. म्हणजे महिन्याभरापूर्वीचं काही उरत नाही. /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये हा आकडा वाढवा आणि एक प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवत राहा. वर आपण जे काही शोधलं, ते सगळं लॉगमधून शोधलं. लॉग नसता तर माझ्याकडे "पोस्टसुपर -डी ऑल" शिवाय काय उरलं असतं?

तुमच्याकडे झिंब्रा असेल तर

बऱ्याच कंपन्या झिंब्रा वापरतात. त्याच्या पोटातही पोस्टफिक्सच आहे, त्यामुळे रांग, कोड, होल्ड हे सगळं तसंच. "सू - झिंब्रा" करून त्या युजरवर गेलात की त्याच्या स्वतःच्या कमांड मिळतात. "झेडएमकंट्रोल स्टेटस" कोणती सेवा चालू, कोणती बंद ते सांगते. "झेडएमप्रोव्ह एसपी" पासवर्ड बदलते. "झेडएमप्रोव्ह एमए" आणि पुढे पत्ता, "झिंब्राअकाउंटस्टेटस लॉक्ड" असं दिलं की खात्याचं लॉगिन बंद होतं, पण येणारे मेल जमा होत राहतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. झिंब्रात पत्र व्हायरस तपासणीला जाऊन परत येतं तेव्हा त्याला नवा क्रमांक मिळतो. म्हणून लॉगिनच्या ओळीतला क्रमांक थेट रांगेत सापडणार नाही. त्याच पत्राच्या पुढच्या ओळीत "क्यूड ॲज" नंतरचा क्रमांक घ्या. आणि झिंब्राची मोफत ८.८.१५ आवृत्ती अजून वापरत असाल, तर तिची देखभाल २०२३ च्या अखेरीस थांबली आहे, हे साहेबांना लेखी कळवा.

सुट्टीवर जायच्या आधी

मी आता गावाला निघण्यापूर्वी पाच गोष्टी बघतो. एसएसएचची किल्ली लॅपटॉपवर आहे आणि एक प्रत वेगळी, सुरक्षित ठेवलेली आहे. "डीएफ -एच" मध्ये डिस्क भरत आलेली नाही. रांगेचा रोजचा साधारण आकडा माहीत आहे, म्हणजे वेगळा आकडा दिसला की कळतं. जुनी, वापरात नसलेली खाती बंद आहेत. आणि वरच्या कमांड एका साध्या वहीत लिहिलेल्या आहेत, इंग्रजी स्पेलिंगसकट, कारण गडबडीत लहान एच आणि मोठा एच आठवत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र कमांड नाही. तिथे लिहिलंय: रांगेत कुणाचं तरी ऑफर लेटर असू शकतं.